लाइन ठीक आहे

रविवार, २ फेब्रुवारी

आज माझ्या पोटच्या पोरीने मला सांगितलं की मी पिठाच्या गोळ्यासारखी दिसते.

"आई, तुला चेहराच नाहीये," ती म्हणाली. "नुसता पिठाचा गोळा हलतोय. तुमचं नेट फार स्लो झालंय. मला काही कळत नाहीये. ठेवते मी."

आणि ठेवला! रविवारी सकाळचा एवढा एकच फोन, आणि मी जेमतेम 'कशी आहेस'पर्यंत पोचले होते. मला ती लख्ख दिसत होती. भिंतीवरचं घड्याळ, मागून जाणाऱ्या जावयाच्या खांद्यावरचा टॉवेल, तिने कानांवर ओढून घेतलेल्या त्या झिपऱ्या, सगळं. मला ती दिसते तर मी तिला का दिसू नये?

खारू म्हणजे आमची एकुलती एक. लहानपणी गालात खाऊ साठवून ठेवायची म्हणून खारू. लग्न होऊन दूर गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

मी उभी नोकरी ट्रंक एक्स्चेंजमध्ये काढली. दूरगावचे फोन हाताने जोडून द्यायचे ते काम. लाइनीत खरखर कुठून येते, पाणी शिरलंय की तार सुटलीय, हे मी नुसतं ऐकून सांगत असे. पुढे सुपरवायझर झाले तेव्हा नव्या मुली माझ्या खुर्चीमागून चवड्यांवर जायच्या. आणि आता माझ्याच घरातली लाइन खराब, आणि मला ती पोरीच्या तोंडून कळावी!

"होतं गं असं कधी कधी," हे म्हणाले. हे म्हणजे माझे यजमान, निवृत्त जमीन-मोजणी अधिकारी. मी त्यांना मोजणीसाहेब म्हणते. यांच्या लेखी भूकंपसुद्धा 'होतं असं कधी कधी' या सदरात मोडतो.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

कंपनीला फोन लावला. आधी बराच वेळ वाजंत्री ऐकवली, मग एक मुलगी आली.

"मॅडम, राउटर बंद करून परत चालू करून बघा."

"केलं. दोनदा केलं."

"मॅडम, एकदा अजून—"

"मुली, वाक्याचा शेवट खाऊ नकोस. ओठ हलव. तुझी सुपरवायझर कोण?"

तिने फोन कापला. कापला! आमच्या काळी गिऱ्हाइकाचा फोन मध्येच सोडला तर दिवसभर उभं राहून काम करावं लागे. मी हातात रिसीव्हर धरून किती वेळ तशीच बसले होते. माझा फोन कोणी कापेल, ही कल्पनाच मला कधी शिवली नव्हती.

ओठ हलवायला आमच्या मिशनऱ्यांच्या शाळेत सिस्टर आम्हाला पट्टी हातात धरून शिकवायच्या. वर्गाच्या शेवटच्या बाकावर स्वतः बसायच्या आणि आवाज न करता, नुसत्या ओठांनी कविता म्हणायला लावायच्या. पट्टी उचलली की समजायचं, शब्द पोचला नाही. आजकाल सगळं जग पुटपुटतं.

खारूला लिहून पाठवलं की नेट सुधारेपर्यंत साधा फोन कर, आवाज तर ऐकू येईल. तिने उलट लिहिलं, 'नको, साधा फोन नको. व्हिडिओच करू. तुला बघायला बरं वाटतं.' गोड वाटलं, पण धक्काही बसला. टेलिफोन ऑपरेटरच्या मुलीला साधा फोन नको!

गुरुवार, ६ फेब्रुवारी

नेटवाला आला. पायातले बूट न काढता दिवाणखानाभर फिरला, आपल्या मोबाइलवर वेग मोजणारा एक काटा फिरवून दाखवला आणि जाहीर केलं, "लाइन ठीक आहे, बाई."

"मग मी पिठाचा गोळा का दिसते?"

तो माझ्याकडे बघत राहिला. उत्तर द्यायचं मनात आलं असावं, पण दिलं नाही, हे त्याचं नशीब.

"तुमच्या भिंती जाड आहेत," तो म्हणाला. "मोठा प्लॅन घेऊन टाका."

"मोठा प्लॅन घेतला की भिंती बारीक होतात का?"

मग त्याने विचारलं राउटर कुठे आहे, आणि मला आयुष्यातला एक मोठा धक्का बसला. राउटर लोखंडी कपाटात होता. मोजणीसाहेबांनी ठेवला होता. आत. कपाटाच्या पत्र्याला ड्रिलने भोक पाडून तार आत नेली होती, आणि दार नीट बंद करून वर कुलूपही लावलं होतं.

"त्याचे दिवे लुकलुकतात, झोप लागत नाही," हे म्हणाले.

लोखंडी कपाटात! जन्मभर जमीन मोजलेल्या माणसाने! मी त्यांच्या देखत राउटर काढून पुस्तकांच्या फळीवर ठेवला. नेटवाला म्हणाला, आता बघा. म्हणजे तेवढंही त्याला स्वतःहून सुचलं नव्हतं. मी त्याच्या मालकाला पत्र लिहिणार आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी

थोडी सुधारणा. खारू म्हणाली, आता मला डोळे आले आहेत.

पण फोन सुखाचा झाला नाही. मी चहा घेत बोलत होते तर मध्येच म्हणते, "आई, कप खाली ठेव ना." मी थक्क झाले. चहा पिण्यालाही नेट लागतं का?

मग बातमी सांगितली. बँकेतलं काउंटरचं काम सोडून तिने मागच्या खोलीत, फाइलींच्या खात्यात बदली मागून घेतली आहे. मागून! लोक काउंटरवर तिचं नाव काढायचे, साहेब होण्याच्या रांगेत होती, आणि ही जाऊन धूळ झाडत बसणार. मी विचारलं का, तर म्हणाली, "तिथे शांत असतं." आणि हे सगळं इतकं मोठ्याने सांगत होती की मी टॅब लांब धरला. तिला सांगितलंही, ओरडू नकोस, मी बहिरी नाही. आवाजाची पट्टी सांभाळण्यात आपल्या घराण्याचा लौकिक आहे.

ती हिरमुसली. तिला हसवावं म्हणून मी वरच्या मास्तरांची गोष्ट काढली. आमच्या डोक्यावर राहणारे हे निवृत्त मास्तर ठार बहिरे आहेत आणि त्यांचा टीव्ही अख्ख्या इमारतीला बातम्या सांगतो. परवा मी वर जाऊन म्हटलं, 'आवाज कमी करा', तर म्हणाले, 'या, या, बसा.' मी त्यांची ती कानामागे हात धरून 'आँ?' करण्याची नक्कल केली. ती मी फार छान करते. जिन्यातल्या बायका पोट धरून हसतात.

खारूच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. मग म्हणाली, "आई, गेलं वाटतं नेट," आणि फोन गेला.

भर नकलेत! कंपनीला मी आता सोडत नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज मी एक्स्चेंजच्या पद्धतीने दोष शोधायला घेतला. पद्धत सोपी आहे: सगळ्या तारा काढायच्या, मग एकेक लावत जायचं. ज्या तारेला रोग आहे ती स्वतःच ओरडते.

घरातलं नेटवर चालणारं सगळं बंद केलं. टीव्ही, टॅब, दोघांचे फोन. मग फक्त टॅब चालू करून तो काटा फिरवला. नेटवाल्याने फक्त येणारा वेग दाखवला होता. त्याच्याच खाली बाहेर जाणारा वेग असतो, त्याकडे त्या शहाण्याने बघितलंही नव्हतं. मला खारू दिसते ती येणाऱ्या वेगाने, मी तिला दिसते ती जाणाऱ्या वेगाने. आणि हा जाणारा वेग गोगलगाईचा होता. घरात सगळं बंद, तरी कोणीतरी सारखं काहीतरी बाहेर पाठवत होतं.

मी चोर शोधत सबंध घर पालथं घातलं. सापडला स्वयंपाकघराच्या खिडकीत, कुंडीमागे. यांचा जुना मोबाइल, चार्जरला लावलेला.

"हे काय आहे?"

"कबुतराने अंडी घातलीयत," हे म्हणाले. "चित्रण चालू आहे."

"कधीपासून?"

"अंडी घातल्यापासून."

सकाळपासून अंधार पडेपर्यंत! एक कबूतर बसलेलं आहे. बसलेलंच आहे. आणि ते बसणं जसंच्या तसं हा मोबाइल आपणहून क्लाउड नावाच्या कुठल्या तरी साठ्यात पाठवतो आहे, हरवू नये म्हणून. कबुतराचं बाळंतपण आभाळात चढवण्यापायी माझा चेहरा पिठात गेला!

मला दोन मिनिटं शब्दच सुचले नाहीत. हे म्हणाले, "तू गप्प का झालीस? मला भीती वाटते."

ते पाठवणं बंद करायला लावलं. चित्रण करा हवं तर, पण आपल्यापाशी ठेवा. काटा लगेच उसळी मारून वर गेला. कंपनीला शिव्या घातल्या त्या मात्र मी मागे घेणार नाही. फोन कापला तो कापलाच.

रविवार, १६ फेब्रुवारी

काय सुरेख फोन झाला! "आई, अगदी समोर बसल्यासारखी दिसतेयस," खारू म्हणाली. "खिडकीकडे तोंड कर. हां, अशीच बस." मी प्रश्न विचारावा आणि तिने चटकन उत्तर द्यावं. किती महिन्यांनी ती पूर्वीसारखी हसली.

त्यांच्या घरी मात्र नवनवी थेरं चालली आहेत. जावयाला तिच्याशी बोलायचं होतं तर हाक न मारता पाठीमागून येऊन खांद्यावर टपली मारली. मॅनर्स म्हणून काही? आणि दारावर कोणी आलं तर घंटेबरोबर खोलीत दिवा लुकलुकतो. मी विचारलं, घर आहे की नाटकगृह? तर म्हणाली, "फॅशन आहे." असेल.

मग हे टॅबसमोर बसले आणि सगळं बिघडलं.

"बाबा, आवाज तुटतोय. बाबा, परत सांगा. बाबा, नेट गेलं तुमचं."

कुठे गेलं? मी शेजारीच होते. तोच टॅब, तीच खिडकी, तोच राउटर. मी तोंड पुढे काढून विचारलं, "आता येतंय का?" तर म्हणते, "हो, तुझं येतंय." पुन्हा यांनी मिशांतल्या मिशांत काहीतरी म्हटलं, पुन्हा "तुटतंय".

लाइन कधी माणूस बघून तुटत नाही. हे मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकले. माणसं मात्र माणूस बघून लाइन तोडतात. सासूचा फोन आला की 'हॅलो, हॅलो, ऐकू येत नाही' म्हणून ओरडणाऱ्या सुना मी रोज ऐकत असे, आणि मधल्या लाइनीवर मला त्या सुनेच्या घरातली माशीसुद्धा ऐकू येत असे.

माझी मुलगी तिच्या बापाला टाळते आहे. जो माणूस तिच्या शाळेच्या नकाशांत रात्ररात्र रंग भरत बसला, त्याला?

बुधवार, १९ फेब्रुवारी

यांना फैलावर घेतलं.

"काय बोललात तुम्ही तिला?"

"मी? मी काय बोलणार?"

"आठवा."

"मी गेल्या वेळी म्हणालो, अंड्यातून पिल्लं आली."

"त्याआधी?"

"अंडी घातली म्हणालो."

हे चिडत नाहीत. पण आज जेवणावरून अर्धवट उठले आणि खिडकीत जाऊन कबुतराकडे पाठ करून उभे राहिले. तेव्हा मात्र मीही ताट सोडून त्यांच्यामागे गेले. मी म्हटलं, आपण परीक्षा घेऊ. दोष लाइनीत आहे की माणसात, ते रविवारी कळेल. "आणि माणसात निघाला तर?" हे म्हणाले. मी म्हटलं, तर ती आहे आणि मी आहे.

रविवार, २३ फेब्रुवारी

घडलं तसं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

योजना अशी होती: मी दिवाणखान्यात टॅबवर, हे स्वयंपाकघरात आपल्या फोनवर, दोघंही एकाच कॉलमध्ये. आधी मी बोलायचं, यांनी तोंड न उघडता फक्त ऐकायचं आणि माझा आवाज तुटतो का ते बघायचं. मग उलट.

कॉल लागला तेव्हा आम्ही दोघं एकाच खोलीत होतो. त्यामुळे दोन्ही यंत्रं एकमेकांचा आवाज पकडून अशी काही किंचाळली की माझ्या दातांतून कळ गेली. खारूने मात्र हूं की चूं केलं नाही. मी टॅबवर हाताला येईल ते बटण दाबलं. घुमणं थांबलं. यांना स्वयंपाकघरात पिटाळलं, दार लावून घेतलं आणि बोलायला बसले.

छान गप्पा झाल्या. जावई बाहेर गेला होता. मी तिला लिफ्टची गोष्ट सांगितली. तळमजल्यावरच्या वकीलबाई आणि एक मांजर लिफ्टमध्ये अडकली, आणि दार उघडलं तेव्हा वकीलबाई मांजराला कायद्याची कलमं ऐकवत होत्या.

"मांजर कोणाचं पण?" खारू हसत म्हणाली.

"त्यावरच तर दावा चाललाय."

ती खो खो हसली. फाइलींचं खातं कसं आहे, विचारलं. "बरं आहे, आई. कोणी घाईघाईने येऊन काही विचारत नाही." वेळेवर जेवतेस का? "जेवते गं. तूच बारीक झालीयस." तेवढ्यात तिच्याकडचा दिवा लुकलुकला. कोणीतरी आलं होतं. ती घाईने उठली आणि यांची पाळी राहूनच गेली.

मी दार उघडलं. हे फोन कानाला लावून उभे होते.

"काय निकाल?" मी विचारलं.

"नापास," हे म्हणाले. "तुझा आवाज आलाच नाही."

"म्हणजे तुटला?"

"तुटायला आधी यावा लागतो. तिचा येत होता. तुझा दारातून येत होता, फोनमधून नाही. मी फोनचा आवाज वाढवून वाढवून दमलो. परत तूच म्हणालेलीस, तोंड उघडायचं नाही."

"काहीतरी बोलू नका. मी सगळं बोलले. मांजर, लिफ्ट, सगळं. ती हसली."

"हसली ते ऐकलं मी. कशाला हसली ते नाही कळलं."

मी टॅब उचलला. पुन्हा त्याच कॉलमध्ये शिरले, आता कोणी नव्हतं तिथे, फक्त यांचा फोन. खाली कोपऱ्यात माइकचं चित्र होतं आणि त्यावर तांबडी आडवी रेघ. घुमणं थांबवायला मी जे बटण दाबलं ते हेच होतं. मी बोलून बघितलं. यांच्या हातातला फोन मुका. बटण दाबून रेघ काढली, बोलले, आणि माझा आवाज यांच्या हातातून आला.

"म्हणजे सगळा वेळ..." मी म्हटलं.

"मग तिने उत्तरं कशाची दिली?" हे म्हणाले.

मी खाली बसले. खुर्ची कुठे आहे हे न बघता बसले, सुदैवाने होती.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आज दिवसभर मी बोलले नाही. यांनी दोनदा कपाळाला हात लावून ताप बघितला.

मी लाइन तपासत होते. महिनाभर राउटर, तार, कपाट, कबूतर. माझ्या पोरीला माझा आवाजच येत नाही, आणि मी काटा फिरवत बसले होते. कप खाली ठेव. खिडकीकडे तोंड कर. साधा फोन नको. त्या झिपऱ्या. ती खांद्यावरची टपली. ती मला ऐकत नव्हती, माझे ओठ वाचत होती. सिस्टरांच्या पट्टीने घडवलेले ओठ. यांचे ओठ मिशांखाली असतात, ते कोणाच्या बापाला वाचता येणार?

नुसत्या पुटपुटण्यावरून दोन गावांतलं अंतर सांगणारी मी. मला कळू नये?

संध्याकाळी यांना सांगितलं. हे म्हणाले, "ऐकू येत नसतं तर तिने सांगितलं नसतं का?"

"कोणाला? मला? मला तर पहिलं सांगायला हवं होतं! मी काय परकी आहे?"

हे काही बोलणार होते. वर मास्तरांच्या टीव्हीवर बातम्या सुरू झाल्या. यांनी छताकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"वर काय बघताय? गळतंय का?" मी म्हटलं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

रविवारपर्यंत थांबणं माझ्याच्याने झालं नाही. दुपारी खारू सुट्टीवर आहे कळल्यावर लगेच कॉल लावला. यांना स्वयंपाकघरात बसवलं. खिडकीकडे तोंड केलं आणि माइकवर तांबडी रेघ आहे ना, ते दोनदा बघून घेतलं. तिने कॉल घेतला तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"काय झालं? बाबा ठीक आहेत ना?"

'ठीक आहेत. पिल्लांपाशी बसलेत,' मी नुसते ओठ हलवले. 'खारू, कोपऱ्यात बघ. माझा माइक बंद आहे.'

चित्र थांबलं. ती तोंड अर्धवट उघडं ठेवून तशीच राहिली. मला वाटलं, झालं, नेट नेमकं आत्ता गेलं. मी हात उगारून कंपनीचा उद्धार करायला सुरुवातही केली. मग तिच्या कपाळावरची बट पंख्याच्या वाऱ्याने हलली, आणि मला कळलं की नेट कुठेही गेलेलं नाही.

"कधीपासून बंद आहे?" ती म्हणाली.

'आज मुद्दाम. रविवारी चुकून.'

"रविवारी? किती वेळ?"

'मांजरासकट.'

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. हसते आहे की रडते आहे, मला सांगता येईना. आवाज येत होता, तरीही सांगता येईना.

"आणि तू बुधवारपर्यंत गप्प बसलीस?" हात काढून ती म्हणाली. "तू?"

'ताप होता मला. बाबांना विचार.'

मग तिने सांगितलं. भराभर, मोठ्याने, काउंटरवर गिऱ्हाइकाला नियम सांगावेत तसं. आधी डावा कान गेला, मग उजवा. यंत्रं आहेत, केसांखाली. समोरासमोर, शांत खोलीत, एकाच माणसाशी असेल तर चालतं. फोनवर सगळं चिखल. डॉक्टर म्हणाले आहेत की पुढे आणखी कमी होईल. कुठवर, ते सांगत नाहीत. जावई तिच्याबरोबर रोज आरशासमोर बसून ओठ वाचायचा सराव करतो. आणि मी म्हणत होते त्याला मॅनर्स नाहीत!

"तुझे ओठ सगळ्यात सोपे जातात," ती म्हणाली. "डॉक्टरांना सांगितलं मी, माझ्या आईचं तोंड छापील आहे. पण मग तुमचं नेट बिघडलं, तू दिसेनाशी झालीस, आणि मला वाटलं आता हेही गेलं."

'मला का नाही सांगितलंस?'

ती बाजूला बघायला लागली. मी टॅबसमोर हात हलवला, तेव्हा परत माझ्याकडे बघितलं.

"तू मास्तरांची नक्कल करतेस," ती म्हणाली. "छान करतेस. मीपण हसायचे. मग मला वाटायला लागलं, माझी कशी करशील."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. ते वेगळे, त्यांचं वेगळं, ते मुद्दाम करतात, आणि टीव्हीचा त्रास मला होतो, तुला काय कल्पना. पण तिला समजायचं तर एकेक शब्द ओठांवर नीट मांडावा लागतो. मी पहिला शब्द मांडला आणि पुढचा त्याच्याशेजारी बसेना. सावकाश म्हणायला घेतलं तर ते उत्तर उत्तरासारखं लागतच नव्हतं. मी तोंड मिटलं.

"काय म्हणालीस?" ती डोळे बारीक करून म्हणाली. "शेवटचं कळलं नाही."

'काही नाही,' मी म्हटलं. 'खरंच काही नाही म्हणाले.'

दोघी बघत राहिलो. एवढा वेळ न बोलता मी आयुष्यात कोणाच्या लाइनीवर थांबले नसेन.

"आई, माइक चालू कर ना."

'कशाला? तुला काय फरक पडतो?' निघून गेलं तोंडातून. जीभ चावली, पण तिने वाचलं होतं.

"पडतो," ती म्हणाली. "शब्द नाही कळत. पण तुझा आवाज आहे एवढं येतं. लांब कुठेतरी, जाडसर. बाबांचा नाही येत. तुझा अजून येतो. चालू कर."

मी बटण दाबलं. रेघ गेली. आणि मला काही म्हणजे काही सुचेना. हजारो लोकांची बोलणी जोडून दिली मी, माझ्या स्वतःच्या लाइनीवर घालायला एक वाक्य नव्हतं.

"बोल काहीतरी," खारू म्हणाली, आणि तिने डोळे मिटून घेतले.

डोळे मिटले म्हणजे ओठ गेले. म्हणजे तिला आता एक शब्दही कळणार नव्हता. मी घसा साफ केला आणि सुरुवात केली. त्या फोन कापणाऱ्या मुलीपासून केली. मग तो बूट न काढणारा नेटवाला, त्याची ती जाड भिंतींची अक्कल, लोखंडी कपाट, ड्रिलने पाडलेलं भोक, ते कुलूप. घशाला कोरड पडली. स्वयंपाकघराचं दार किलकिलं झालं, हे डोकावले, आणि मी हातानेच त्यांना जागच्या जागी उभं केलं.

मी जरा थांबले की ती डोळे उघडायची. म्हणून मी थांबले नाही.